आईची साक्ष

बहीणभावाच्या भांडणात लवादाने आईचं घर धाकट्याच्या पदरात टाकलं, तेव्हा ताईने निवाड्यालाच कोर्टात आव्हान दिलं. लवाद म्हणे तिच्या पाठीमागे घरी जाऊन आला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात म्हाताऱ्या लवादाने आढेवेढे घेतले नाहीत. “गेलो होतो. यांच्या आईशी बोललो. शिवणयंत्रावर बसल्या होत्या.” वाद सुरू होण्याआधीच आई वारली होती. धाकट्याने डोळे मिटून घेतले. “साक्ष कुणाचीही असो, एका पक्षाच्या अपरोक्ष घेता येत नाही,” म्हणत न्यायाधीशांनी निवाडा रद्द केला. ताई जिंकली. व्हरांड्यात तिने लवादाला गाठलं. “काका, आई काय म्हणाली?” “म्हणाल्या, ‘घर मुलालाच द्या. मुलगी इथे राहायला आली, तर मी तिला परत जाऊ देणार नाही.’” मागे उभं राहून हे ऐकणाऱ्या धाकट्याने मान खाली घालून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. “ताई, घर तूच घे. ते शिवणयंत्र मला रात्ररात्र झोपू देत नाही.”