वरात हलेना

जालिंदरने क्लॅरिनेटवर एका दमात सुरांच्या सतरा गिरक्या मारल्या आणि वरात जागीच थांबली. पोरं नाचायचं सोडून त्याची बोटं बघत राहिली. पाऊण तासात नवरदेवाची घोडी जेमतेम वीस पावलं सरकली होती.

“टाळ्या मोप मिळवल्यास, पण नाचतंय कोण?” बँडमास्तर हैबतराव त्याच्या कानाशी पुटपुटले. ते आता बँड सोडणार होते. आजची वरात नाचवली तरच मास्तरकी जालिंदरला, असं ठरलं होतं.

जालिंदर इरेला पेटला. गिरक्या वाढत गेल्या, तशी गर्दी आणखी गप्प. शेवटी दम संपला, ओठ बधिर झाले. नाइलाजाने त्याने गाण्याची साधी चाल धरली. संथ, लाडात आल्यासारखी, एकेक सूर ओढत.

मानाच्या साडीवरून सकाळपासून रुसलेल्या आत्याबाईंचा आधी एक खांदा हलला. मग त्यांनी पदर खोचला. नवरदेवाने घोडीवरून उडीच टाकली.

“आत्या, हळू गं!”

“गप रे, तू नाच!”

निकालासाठी जालिंदरने हैबतरावांकडे पाहिलं. ते आत्याबाईंसोबत फुगडी घालत होते.

“थांबू नका, मास्तर!” ते गरगरतच ओरडले.