इंजिनाभोवतीची पट्टी

वडिलांनी पट्टीचं टोक धरून ओढलं, तशी वीतभर रबर हातात तुटून आलं. बाकीचं खाचेतच राहिलं, खडूसारखं भुरभुरत.

"कामातून गेलीय," ते म्हणाले. "उद्या गाडी बघायला माणूस येणार. सासरी पाठवायची तर धड पाठवू."

मुलगी टॉर्च धरून शेजारी उभी होती. गाडी विकायचा आग्रह तिचाच. गेल्या आठवड्यात वडिलांनी तिला भर रस्त्यातून फोन केला होता. ज्या रस्त्याने ते उभा जन्म बँकेत नोकरीला गेले, त्याच रस्त्यावर गाडी कडेला लावून विचारत होते, "मी कुठे आहे गं?"

ती दुसऱ्याच दिवशी माहेरी आली होती. तेव्हापासून त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवून होती. चष्मा कुठे ठेवतात, शेजाऱ्याला नावाने हाक मारतात का. आत्ताही टॉर्च इंजिनावर होता आणि लक्ष वडिलांच्या बोटांवर. बोटं काही विसरलेली दिसत नव्हती.

"ही पट्टी करते काय?" तिने विचारलं. उत्तर तिला नको होतं, त्यांना ते देता येतं का, एवढंच बघायचं होतं.

ते खुलले. "या इंजिनाला पाणी लागत नाही, ते वाऱ्यावर थंड होतं. खाली सगळी गरम हवा आणि धूर. वर स्वच्छ हवा. मध्ये ही पट्टी, खालचं वर येऊ न देणारी. वरची हवा पंखा ओढतो आणि इंजिनावर मारतो. थंडीत हीटर लावला की त्यातलीच थोडी तापून आत आपल्या पायांशी येते."

"आणि पट्टी अशी फाटली तर?"

"तर काय, खालचा धूर वर..."

ते थांबले. शब्दच हरवले, तिला वाटलं. पण ते वाकून आत बघत होते. तिने टॉर्च तिकडे वळवला. जिथे नुसती स्वच्छ हवा खेळायला हवी, त्या वरच्या पत्र्यावर काजळी बसली होती. वडिलांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"सायलेन्सरचा जोड फुसफुसतोय, ते मला माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, बाहेरच जातंय ना, जाऊ दे."

"बाबा, त्या दिवशी हीटर लावला होता?"

"कडाक्याची थंडी होती. काचा बंद, हीटर फुल."

आई चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे पाहून दारातच थबकली.

"आई, गाडीत तुला कधी गरगरतं? डोकं दुखतं?"

"मी बसले की झोपतेच हल्ली. थंडी पडल्यापासून रोजचंच झालंय. मला वाटायचं, यांच्या बोलण्याने गुंगी येते."

"आणि घरात? घरात बाबा काही विसरतात?"

"हे? लग्नात माझ्या मावशीने मारलेला टोमणा अजून शब्दनशब्द म्हणून दाखवतात."

मुलगी हसली. हसता हसता तिला रडू फुटलं. वडिलांनी तिच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला, आणि तो काळा आहे म्हणून मागे घेतला.

"तरी डॉक्टरांकडे जायचंच," नाक पुसत ती म्हणाली. "दोघांनी."

"जाऊ. आणि उद्याच्या माणसाला काय सांगायचं?"

"सांगा, मुलगी नांदायला तयार नाही."

आधी त्यांनी सायलेन्सरच्या जोडात नवं पॅकिंग घातलं. मग नव्या पट्टीला साबणाचं पाणी लावून ती खाचेत दाबत गेले. इंजिनामागच्या अडचणीत वडिलांचा हात जाईना, तिथे मुलीचा गेला. एक कोपरा बसवला की दुसरा सुटायचा.

"निघाली परत!"

"निघू दे. बघू कोण आधी दमतं."

आईने लाकडी चमचा आणून दिला आणि तो आता स्वयंपाकघरात परत नको म्हणाली. त्याच्या दांड्याने शेवटचा कोपरा आत गेला, आणि पट्टी इंजिनाभोवती सगळीकडून घट्ट बसली.

संध्याकाळी तिघं फेरी मारायला निघाली. आई पुढे बसली, मुलगी मागे. सुरुवातीला काचा उघड्या ठेवल्या, मग एकेक बंद केली. हीटर लावला. तिघं नाकं वर करून हुंगत होती. वास नव्हता. आईला झोप आली नव्हती. ती दिसेल त्या दुकानाबद्दल बोलत होती, आणि वडिलांना पहिल्यांदाच मध्ये बोलायला जागा मिळत नव्हती.

थोड्या वेळाने आईने मागे वळून पाहिलं. मुलीची मान कलली होती.

"अहो, थांबवा! थांबवा गाडी!"

वडिलांनी करकचून ब्रेक मारला. सगळ्या काचा खाली केल्या, मागे वळून तिचा खांदा गदागदा हलवला. "ऊठ! ऊठ गं!"

तिने डोळे उघडले. "काय झालं?"

"गरगरतंय का? डोकं?"

"काही नाही झालं," ती पुटपुटली. "तुमच्या त्या फोननंतर एकही रात्र धड झोपले नाहीये मी. झोपू द्या ना."

आईने आपल्या डोक्याला हात लावून पाहिला. वडिलांनी स्वतःच्या. दोघं टक्क जागी होती. त्यांनी काचा वर केल्या, दोन बोटं फट ठेवून, आणि गाडी अगदी सावकाश सोडली.

दिवे लागले होते. मागे मुलगी पुन्हा गाढ झोपली होती. ओळखीची दुकानं मागे पडली, शाळा मागे पडली. घराचं वळण आलं. गाडी सरळ पुढे गेली.

"अहो," आई कुजबुजली, "आपलं वळण गेलं."

"माहीत आहे," वडील म्हणाले.