पुठ्ठ्यावरची बोटं

लाँड्रीच्या मॅनेजरनं स्पष्टच सांगितलं होतं, "जिला कॉम्प्युटर येईल, तिलाच इस्त्रीवरून उठवून काउंटरवर बसवीन." कॉम्प्युटर कुणाच्याच घरी नव्हता. म्हणून वरच्या खोलीत राहणाऱ्या निवृत्त टायपिस्ट बाईंनी खोक्यांच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिले. इस्त्रीवाल्या बायका पुठ्ठ्यावर बोटं चालवायच्या आणि बाई पाठीमागे उभ्या राहून, कोणतं अक्षर उमटलं असतं ते सांगायच्या. चूक झाली की बायका म्हणायच्या, "बाई, पुसा." बाई "पुसलं" म्हणाल्या की गाडी पुढे.

अखेर कुठल्याशा कंपनीनं एक खराखुरा कॉम्प्युटर भेट दिला. फीत कापली गेली. "डिजिटल दरी आज बुजली," असं कंपनीचे साहेब म्हणाले आणि फोटोसाठी टेबलापलीकडे जाऊन उभे राहिले. "चला, काहीतरी टाइप करून दाखवा."

सगळ्यांत वयस्कर मावशी खुर्चीत बसल्या. मान खाली घालून त्यांनी आभाराचं अख्खं पत्र धडाधड बडवलं. मध्येच एकदा "बाई, पुसा" म्हणाल्या. पाठीमागून बाई "पुसलं" म्हणाल्या. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मॅनेजरसुद्धा मान डोलवत होता.

मावशींनी सवयीनं मागे वळून विचारलं, "बाई, काही चुकलं का हो?"



बाई काळ्याकुट्ट स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "तुमचं काही नाही चुकलं. साहेबांना विचारा, याची वायर कुठंय."