वाटीवरचा गुणाकार

जन्मतः मिळालेली आपली शंभर आकडी मूळ संख्या कुणी कुणाला सांगत नसे. लग्नात मात्र दोघांच्या संख्यांचा गुणाकार मंगळसूत्राच्या वाटीवर कोरत.

नवऱ्याचं तेरावं झाल्यावर शरयूताई त्याच्या मूळ संख्येनेच उघडणारा कुलूपबंद संगणक उघडायला ती वाटी घेऊन नोंदणी कचेरीत आल्या. कारकुनाने कोरलेल्या आकड्याला त्यांच्या संख्येने भागलं. बाकी शून्य उरली, तरी तो घुटमळला.

"ताई, उत्तर मूळ संख्या नाहीये. त्यात साहेबांच्या संख्येबरोबर आणखी एकीची संख्या आहे. दुसऱ्या लग्नात पहिल्या लग्नाचा गुणाकारच पुढे गुणतात. म्हणजे साहेबांचं आधी एक लग्न झालं होतं."

"कुणाशी?"

"ते फोडून सांगायला यंत्राला हजार वर्षं लागतील."

शरयूताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"लावा मग. मी बसते."