बापाच्या कणिका

डिशमध्ये मुलीच्या एक्केचाळीस पेशी उरल्या होत्या. बापाच्या दोनशे सहा. दोघांच्या मध्ये ताणलेल्या नळ्या अकरा.

प्रयोगशाळेत जान्हवीने मायक्रोस्कोपला जोडलेल्या पडद्यावर तिन्ही आकडे दोनदा मोजून पाहिले. मुलीच्या पेशी तिने हिरव्या रंगवल्या होत्या. बापाच्या पेशींतल्या फक्त तंतुकणिका रंगवल्या होत्या, लाल. पेशीला शक्ती पुरवतात त्या याच. मुलाला त्या आईकडूनच मिळतात; बापाच्या पुढे जात नाहीत. मुलीचं नाव पूर्वी, वय सहा. तिला आईकडून, रेवतीकडून, मिळाल्या त्या सदोष निघाल्या. आज ती व्हेंटिलेटरवर होती. बापाच्या, नितेशच्या, धडधाकट होत्या आणि त्यांचा तिला काही उपयोग नव्हता.

डिशमध्ये मात्र पेशी एकमेकींकडे नळ्या टाकतात. केसाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या बारीक, तळाला न टेकता द्रवात अधांतरी ताणलेल्या. त्यांतून एका पेशीची कणिका सरळ दुसरीत जाऊ शकते. बापाची मुलीत जाते का, एवढंच बघायचं होतं. मुलीच्या पेशींची वाढ थांबली होती आणि पुन्हा तिच्या कातडीचा तुकडा मागायला कुणाची जीभ रेटली नसती. ही शेवटची डिश.

टेबल हादरलं. पडद्यावरची एक नळी मधोमध तुटली आणि तिची दोन टोकं आपापल्या पेशीत आक्रसून गेली.

शेजारची सोसायटी पाडून तिथे टॉवर उठणार होता. खड्ड्यातला कातळ फोडायला पोकलेनला ब्रेकर लावला होता. रविवारी तो बंद असायचा, म्हणून तर जान्हवीने रविवार धरला होता. पुन्हा हादरा बसला. नऊ. मग सात. ती जिन्याकडे धावली.

खाली वॉचमनच्या बाकावर नितेश बसला होता. वर सोडत नाहीत हे माहीत असूनही प्रत्येक वेळी तो दहिसरहून मुलुंडला यायचा.

"काय झालं मॅडम?"

"ते मशीन. नळ्या तुटतायत, दादा."

साइटच्या गेटवर सुपरवायझर सुयोग हेल्मेट काखेत धरून चहा पीत होता. जान्हवीने हात जोडले. फक्त अर्धा तास, ती म्हणाली.

"मॅडम, उद्या काँक्रीटच्या गाड्या येतायत. कातळ आज फुटलाच पाहिजे. बिल्डरला काय सांगू? बाजूला डिशमध्ये पेशी झोपल्यात, आवाज करू नका?"

तिच्या मागून आलेल्या नितेशने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पत्र्याच्या फटीतून आत शिरला, मातीच्या उतारावरून घसरत खड्ड्यात उतरला आणि ब्रेकरच्या टोकाखाली, कातळावर मांडी घालून बसला. ऑपरेटरने घाबरून इंजिन बंद केलं.

"ओ भाऊ! डोकं फिरलंय का? उठा तिथून!" सुयोग ओरडला.

"अर्धा तास. नंतर मला पण फोडा."

जान्हवी खड्ड्याच्या काठावर वाकली. "दादा, मी सांगितलंय ना तुम्हाला, हा इलाज नाहीये. पूर्वीला यातून काही..."

"माहितीय मॅडम. तीन वेळा सांगितलंत." तो कातळाकडेच बघत होता. "रेवती रोज रडते. माझ्याकडून आलं, माझ्याकडून आलं. तिला मी काय बोलू? माझ्याकडून तर पोरीला काहीच नाही आलं." त्याने वर पाहिलं. "तुम्ही जा ना वर. एक गेली तरी सांगा. किती गेल्या ते सांगा."

वर आली तेव्हा नळ्या तीनच उरल्या होत्या. दोन रिकाम्या. तिसरीत, मुलीच्या पेशीपासून थोड्या अंतरावर, एक लाल फुगवटा अडकल्यासारखा थांबला होता.

जान्हवीने टेबलावरून हात काढून घेतले. श्वाससुद्धा ती तोंड बाजूला वळवून सोडत होती. खालून सुयोगचा आवाज येत होता, पोलिसांना बोलावतो म्हणून. मग आणखी दोघा-तिघांचे आवाज. लाल फुगवटा हलला. थांबला. पुन्हा हलला, हिरव्या कडेपाशी पोचला आणि आत गेला. त्याच्या मागून नळीच्या तोंडाशी दुसरा आला. मग आणखी.

"थांबवा त्यांना," ती कोणी नसलेल्या खोलीत म्हणाली. "अजून थोडं."

इंजिन सुरू झालं. टेबल हादरलं आणि नळी तुटली. अर्ध्या वाटेवरची एक लाल कणिका तुटक्या टोकाबरोबर मागे, बापाच्या पेशीकडे ओढली गेली.

जान्हवीने मुलीच्या सगळ्या पेशी एकेक करून तपासल्या. मग खिडकीशी गेली. खिडकी उघडणारी नव्हती, आणि उघडली असती तरी त्या आवाजात काही ऐकू गेलं नसतं. नितेशला दोन मजुरांनी दंडाला धरून पत्र्याबाहेर आणून सोडलं होतं. कमरेपर्यंत चिखल. तो तिसऱ्या मजल्याकडे बघत उभा होता.

तिने पंजा काचेवर टेकवला आणि अंगठा मिटला.

नितेशने आपला हात वर केला. आधी पाच बोटं, मग त्यानेही अंगठा मिटला आणि हात तसाच धरून ठेवला. तिने होकारार्थी मान हलवली.

मुलीच्या पेशी एक्केचाळीस. त्यांतल्या एकीत लाल कणिका, चार.