बाईंचं प्रात्यक्षिक

बाईंची नोकरी कायम होणार की नाही, हे त्या दिवशीच्या तपासणीवर अवलंबून होतं. म्हणून वर, खाली, मागे, आत हे शब्द नुसते फळ्यावर न लिहिता त्यांनी तिसरीच्या वर्गाला करूनच दाखवायचं ठरवलं. त्या टेबलावर चढल्या, टेबलाखाली शिरल्या, दारामागे लपल्या. शेवटी, "मी बाहेर येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही हं," असं बजावून नकाशांच्या कपाटात जाऊन उभ्या राहिल्या. दार ओढून घेतलं आणि बाहेरची कडी खटकन पडली.

तेवढ्यात तपासणीचे साहेब वर्गात आले.

"काय रे, बाई कुठे आहेत तुमच्या?"

"कपाटात!"

"असं तुटक नाही बोलायचं. पूर्ण वाक्यात सांगा."

"बाई कपाटाच्या आत आहेत!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

"वा! छान शिकवलंय."

साहेबांसमोर ओरडणं बरं दिसत नाही, म्हणून बाईंनी आतून दारावर थापा मारायला सुरुवात केली.

"बरं, आता हा आवाज कुठून येतोय?"

"हा आवाज कपाटाच्या आतून येतोय, सर!"

"शाब्बास रे पठ्ठ्यांनो! एकही चूक नाही."

साहेबांनी खूश होऊन तिथेच उभ्या उभ्या शेरा लिहिला आणि ते पुढच्या वर्गाकडे वळले.



"वर्गाची तयारी उत्तम. शिक्षिका गैरहजर. त्यांच्यावाचून काही अडत असल्याचे दिसत नाही."