निरुपयोगी शोध

नवरा-बायको दोघंही पेटंट तपासनीस, पण वेगवेगळ्या शाखांत. निकाल लागेपर्यंत घरात फायलींचा विषय काढायचा नाही, हा त्यांचा कडक नियम होता.

आज ती शीळ घालतच घरात शिरली. "सुटले बाई एकदाची त्या अर्जातून. महिनाभर डोकं खाल्लं त्याने. म्हणे, एक फाइल दोन ठिकाणी साठवलेली असली, तरी तिच्यावर काम एकाच ठिकाणी होईल, अशी यंत्रणा शोधलीय. मी फेटाळलाच. लिहिलं, एकाच फायलीवर दोन ठिकाणी राबायला लोक काय खुळे आहेत?"

बूट काढता काढता तो मटकन खाली बसला आणि खो खो हसत सुटला.



"तो अर्ज मीही आजच फेटाळला. फक्त मी 'खुळे' नाही, 'बावळट' लिहिलं."